मंजूर म्हणण्याआधी

४ सप्टेंबर

सकाळच्या एसटीने वाशिमला गेले. हरीओम सोबत होता. एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये कंपन्या, कारखाने चालवणाऱ्यांसाठी भाषणाचा वर्ग भरतो. दिवसभर बसले. संध्याकाळी परत. जेवले नाही.

वर्गात माझं नाव हरीओमने परस्पर दिलं. जूनमध्ये हे गेले. जुलैमध्ये संचालकांनी मला शेतकरी कंपनीचं अध्यक्ष केलं, ह्यांच्याच खुर्चीवर. तेही हरीओमनेच सुचवलं. तो ह्यांचा चुलतभाऊ, कंपनीचा उपाध्यक्ष. स्वतः अध्यक्ष व्हायला त्याला कोणी अडवलं होतं? त्याला बोलता येतं. मला येत नाही हे साऱ्या मेडशीला माहीत आहे. मग मीच काहून?

बसमध्ये विचारलं. म्हणाला, "वयनी, वार्षिक सभेत अध्यक्षालेच वाचा लागते. दोनच पानं. लोकाइले तुमचं तोंड पाह्यजे."

माझं तोंड! कायले?

वर्गात एकेकाला मिनिटभर बोलायला लावलं. खताच्या दुकानाचे मालक उठले, "व्यासपीठावरील मान्यवर" म्हणाले. व्यासपीठ नव्हतंच, समोर नुसता पंखा होता. सगळे हसले. माझी पाळी आली. नाव सांगितलं. मेडशी सांगितलं. पुढे काही आलंच नाही. तशीच उभी राहिले. मग बसले.

शिकवणारे मुबश्शिर सर मंगरूळपीरचे. तिथे वडिलांचं कापडाचं दुकान. पुण्यात मोठ्या कंपनीत होते, परत आले. मला म्हणाले, "मॅडम, तुम्हाला थांबता येतं. लोकांना हे शिकवताना माझा घाम निघतो."

थट्टाच केली असणार.

५ सप्टेंबर

काल निघताना हरीओम आणि ते सर जिन्यात बोलत उभे होते. मी आले तसे दोघे गप्प झाले.

८ सप्टेंबर

घरी सराव करा म्हणाले सर. आरशासमोर. आरशासमोर उभी राहिले तर कपाळाकडेच लक्ष जातं. सोडून दिलं.

मुळात भाषण म्हटलं की मला जूनमधला तो दिवस आठवतो. आमच्याकडे सरणाला अग्नी दिला की माइक लावून भाषणं होतात. बायका तिथे जात नाहीत. ह्यांच्या वेळी मी ओसरीवर बसले होते. नाल्यापलीकडून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. माझ्या नवऱ्याबद्दल कोण काय बोललं ते गावातल्या प्रत्येक गड्याला माहीत आहे. मला नाही. हरीओम सगळ्यात जास्त वेळ बोलला एवढं कळलं. आवाज ओळखला. नंतर कोणीतरी सांगितलं— "दादाची इच्छा मी पुरी करीन," असं म्हणाला.

कोणती इच्छा? मला तर कोणी काही बोललं नव्हतं.

११ सप्टेंबर

गावात आज महालक्ष्म्यांचं जेवण. आमच्याकडे यंदा नाही. सासूबाई सकाळपासून देवघराकडे पाठ करून बसल्या.

भुरीबाई पुरणपोळी घेऊन आली. कंपनीची सभासद आहे, वावर थोडं, आवाज मोठा. म्हणाली, "बोलाचा वर्ग शिकून राह्यली म्हणते तू? बाप्पा! मले तं चुप बसाचा वर्ग पाह्यजे. माह्या घरचे स्वतः नेऊन सोडतीन!" जूननंतर पहिल्यांदा हसले. लगेच लाजही वाटली.

ती गेल्यावर सासूबाईंना विचारलं, हरीओमच्या मनात काय आहे? त्यांनी सूप पुढे ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले. तांदूळ दुपारीच निवडून झाले होते.

१३ सप्टेंबर

दुसरा वर्ग. सर म्हणाले, बोलताना लोकांच्या डोळ्यांत बघा. मी सांगितलं, समोर माझे भासरे, ह्यांचे थोरले भाऊ, बसणार, त्यांच्या डोळ्यांत कसं बघू? खताचे मालक फिसकन हसले. सर हसले नाहीत. "मग ज्या एका माणसावर विश्वास आहे त्याच्याकडे बघून बोला," म्हणाले.

असा माणूस शोधायला पाहिजे.

आणखी एक सांगितलं. ते इथे लिहून ठेवते. भाषणात मागणी कुठे ठेवली आहे ते बघा. आधी सगळं समजावून सांगून जो शेवटी मागतो, त्याला तुमचा विचार हवा असतो. तुमचे डोळे भरले असताना जो मागतो, त्याला तुमचा विचार नको असतो.

बसमध्ये हरीओमने विचारलं, "काय शिकवलं आज?" म्हटलं, हात कसे ठेवायचे ते.

१६ सप्टेंबर

हरीओमने माझं भाषण लिहून आणलं. दोन पानं, मोठ्या अक्षरात. "तुमी फक्त वाचा वयनी. कोनी काई इच्यारलं तं मी हावोच."

वाचलं. पहिला परिच्छेद ह्यांच्यावर. ह्यांनी घरोघर फिरून सभासद केले, दालमिल उभी केली. चांगलं लिहिलंय. रडू आलं. मग दोन मिनिटं स्तब्धता. आणि स्तब्धता संपल्याबरोबर लगेच ठराव! दालमिल मालेगावच्या व्यापाऱ्याला नऊ वर्षं भाड्याने द्यायची. दोन ओळींत. हिशेब, खत, बियाणं, बाकी सगळं त्याच्यानंतर.

नोटिशीत हा विषय सगळ्यात शेवटी आहे. "दालमिलबाबत विचार करणे." इथे दुसरा!

आमच्या सभा कशा होतात ते मला माहीत आहे. ह्यांच्यासोबत जाऊन मागे बसायची मी. अध्यक्ष वाचतो, "मंजूर?" म्हणतो, आणि सगळे न ऐकता "मंजूर" ओरडतात. पंखा लावू का म्हटलं तरी मंजूर म्हणतील. आणि डोळे पुसत असतील तर विचारायलाच नको.

मिल गेली की आमची तूर पुन्हा व्यापारी म्हणेल त्या भावाने. ह्यांनी एवढी वर्षं केलं ते कशासाठी? आणि ते माझ्या तोंडून मोडायचं! म्हणून माझं तोंड पाहिजे होतं.

१७ सप्टेंबर

हरीओमला काही विचारलं नाही. कागदावरच्या त्या मोठ्या अक्षरांवर परत परत बोट फिरवत बसले.

१९ सप्टेंबर

शेवटचा वर्ग. जेवणाच्या सुट्टीत सरांना कागद दाखवला. विचारलं, हा क्रम तुम्ही सांगितला का त्याला? जिन्यात काय बोलत होता तुम्ही?

सरांनी कागद वाचला. मग म्हणाले, "क्रम माझा नाही. जिन्यात ते मला विचारत होते, वयनी दोन पानं रडल्याशिवाय वाचू शकतील का? मी म्हटलं, रडल्या तरी काय बिघडतं?"

खरं असेल. नसेलही. दोघेही चांगले बोलतात, तीच तर अडचण आहे.

जाताना विचारलं, न बोलता काही थांबवता येतं का सर? म्हणाले, "तुम्ही पहिल्या दिवशी सगळा हॉल थांबवला होता. लोकांना शांतता सहन होत नाही मॅडम. कोणीतरी ती भरतंच. फक्त तुम्ही भरू नका."

२३ सप्टेंबर

कागद पाठ झाला. हरीओम खूश.

२८ सप्टेंबर

सभा झाली. उशीर झालाय. पण लिहिते.

मिलच्या गोदामातच भरली. गडी खुर्च्यांवर, बाया डावीकडे सतरंजीवर. भुरीबाई अगदी पुढे, चपला मांडीखाली घेऊन. मी तिच्याकडे बघून वाचलं. आवाज निघाला! ह्यांच्यावरचा परिच्छेद वाचला. बाया डोळे पुसू लागल्या. भासरे खाली बघत होते. दोन मिनिटं स्तब्धता. मग ठराव वाचला, जसा लिहिला होता तसाच. एक शब्द बदलला नाही. विचारलं, "मंजूर?"

"मंजूर!" सगळं गोदाम.

पुढची ओळ होती, "आभारी आहे, आता हिशेब." ती वाचली नाही. कागद टेबलावर ठेवला आणि उभी राहिले.

कोणी खोकलं. खुर्च्या वाजल्या. हरीओम वाकून म्हणाला, "वयनी, फुडे वाचा नं." मी भुरीबाईकडे बघत राहिले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "वयनीले भरून आलं, पानी द्या." कोणी पाणी आणलं. मी घेतलं नाही. टेबलाची कड धरून ठेवली.

भुरीबाईलाच राहवलं नाही. "काहून बाई? काय मंजूर केलं आमी?"

हशा. पण सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

म्हटलं, "मिल. नऊ वर्षांसाठी. आपली तूर आपल्या मिलवर नाही येणार."

मग जो गलका झाला! "कवा ठरलं हे?" "आमाले काहून नाई सांगतलं?" भुरीबाई उठून उभी, "मंग नाई मंजूर! माहं मंजूर वापस द्या!" हात वर करून मोजलं. ठराव पडला.

मोठे भासरे उठले. पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. "मिल चालवीन कोन पन? इंद्रभान तं गेला."

पुन्हा शांतता. ह्या वेळी मीच भरली. "मी," म्हटलं.

हरीओमने मान खाली घातली होती. मला वाटलं, पकडला गेला.

२९ सप्टेंबर

हरीओम आला. ओसरीवर बसला, चहाला हात लावला नाही.

"वयनी, ठराव माहा नव्हता. दादाचा होता."

तोच बोलत राहिला. मार्चमध्ये अकोल्याच्या डॉक्टरने ह्यांना हृदयाचं सांगितलं होतं. मला कळू द्यायचं नाही म्हणाले. हरीओमला बजावलं होतं— माझं काही झालं तर मिल भाड्याने देऊन टाक. "दादा म्हणे, संगीताले सभेत बोलता येत नाई. लोक तिले प्रश्नाइनं फाडून खातीन. माह्या श्रद्धांजलीले जोडूनच ठराव घे, कोनी तोंड उघडनार नाई."

"मग अध्यक्ष मला काहून केलं? तू झाला असता."

"मी देली असती मिल, तं गाव म्हणलं असतं भावानं खाल्ली."

खोटं. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. त्याला तसं तोंडावर म्हटलं. तो उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "मोठ्या आईले इच्यारा."

३० सप्टेंबर

विचारलं. सासूबाईंच्या हातात सूप नव्हतं. "म्या तितंच बसली व्हती. तो म्हणे, तिच्यानं होनार नाई. म्या बी म्हनलं— बराबर हाय."

स्वयंपाक केला. त्यांना वाढलं. किल्ली घेऊन मिलवर गेले. शटर जड आहे, दोन्ही हात लावावे लागले. आत सभेच्या खुर्च्या तशाच, मधल्या रांगेत कोणाचा तरी रुमाल. जिथे उभी होते तिथे पुन्हा उभी राहिले. मोठ्याने विचारलं, "मी चालवते. मंजूर आहे का?"

थांबले. सर सांगतात त्यापेक्षा बराच वेळ थांबले.

मग झाडू घेतला आणि मागच्या भिंतीपासून झाडायला सुरुवात केली.