आत्याच्या गुडघ्यांची गोळी

मुलुंड, ८ जानेवारी १९८४

ती. विद्याधरदादास, कुंदाचा सा. न. वि. वि.

तुझ्या कंपनीची ती लाल गोळी आमच्या हॉस्पिटलात जोरात खपते, तेव्हा आधी अभिनंदन. आता पुढचं वाच. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधला गुणाजी गुडघेदुखीवर तीच घेत होता. ताप आला, तोंडभर फोड आले, पाणी गिळवेना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. परवा गेला. त्याच वॉर्डात एका बाईचंही तसंच सुरू झालंय, गोळीही तीच.

मी फार्मसीतून उठून वॉर्डात गेले आणि मोठ्या डॉक्टरांना, श्यामसुंदररावांना, सांगितलं. ते सगळ्यांदेखत म्हणाले, की औषधवाल्या बाईंनी खिडकीत बसून गोळ्या द्याव्यात, निदान आम्ही करू. केवढं ते निदान! घशाचा संसर्ग म्हणे. तो कशामुळे झाला, एवढंच विचारायचं राहिलं.

वनमालाआत्याला तू नमुन्याच्या गोळ्या देतोस, त्या आजच बंद कर. कंपनीलाही कळव. लोभ आहेच, आज तो जरा आंबट समज.

तुझी,
कुंदा

बोरिवली, १३ जानेवारी

चि. कुंदास अ. आ.

डॉक्टरीणबाई, पत्र पोचलं. मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, लाखो लोक गोळी घेतात, दोघांना घसा धरला म्हणून कंपनीने काय स्वेटर वाटायचे? आम्ही सगळे हसलो. फार्मसीचं शिक्षण तुला जरा जास्तच चढलंय गं. आत्या आता जिने चढते, बाजारात जाते, वर मलाच पिशव्या उचलायला लावते. तुझ्या शंकेपायी तिचे गुडघे पुन्हा दुखू देऊ का?

पुढच्या आठवड्यात महाबळेश्वरला कंपनीची मीटिंग आहे. याच गोळीच्या विक्रीसाठी माझा सत्कार आहे. लोभ वाढो, शंका घटोत.

तुझा,
विद्याधरदादा

बोरिवली, २० जानेवारी

चि. कुंदास वनमालाआत्याचे अनेक आशीर्वाद.

गो बाय, घसा असा धरलाय की पेजसुद्धा उतरत नाही. जिभेवर फोड आहेत, अंगात ताप आहे. विद्याधर म्हणाला, थंडीचं आहे, आणि त्याच पाकिटातली आणखी एक गोळी देऊन महाबळेश्वरला गेला. गुडघे झकास आहेत, पण ते घेऊन जाऊ कुठे? उठवतच नाही. तुला घाबरवत नाही, जमलं तर येऊन जा. माया असू दे.

तुझी,
आत्या

मुलुंड, २९ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार तू मोठा म्हणून, आदर वाटतो म्हणून नव्हे.

आत्याचं कार्ड हातात पडलं तशी ड्यूटी टाकून धावले. शेजारच्या जानकीताईंनी धरून तिला टॅक्सीत बसवलं, आमच्याच हॉस्पिटलात आणलं. रक्त तपासलं, तर गुणाजीसारखंच. गोळी बंद झाली, तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू झाली. ती मला ओळखेना, तेव्हा मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. तुझ्या गळ्यात तेव्हा हार पडत असेल. काल ताप उतरला, आज तिने भात मागितला. वॉर्डातली ती बाईही वाचली, कारण तिची गोळी मी खिडकीतून दिलीच नाही.

श्यामसुंदरराव म्हणाले, योगायोग. मी विचारलं, तीन योगायोग एकाच पाकिटातून येतात का? तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मात्र ही गोळी घेणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासायचा हुकूम निघालाय. कल्पना त्यांचीच, असं सांगतात. सांगोत बापडे. मी आता रोज सकाळी वॉर्डात जाऊन पेशंटना विचारते, औषधाने काही त्रास होतोय का. थांबवून दाखवा म्हणावं.

लोभाचं नंतर बघू.

कुंदा

बोरिवली, ५ फेब्रुवारी

चि. कुंदास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. मॅनेजरांसमोर तिघांची हकीकत मांडली. ते पुन्हा हसले, या वेळी मी हसलो नाही. लेखी दिलं, आणि माझी वाट लागली. गोळीवरून काढून बाळांच्या टॉनिकवर टाकलंय. तरी इथल्या डॉक्टरांना भेटून सांगितलं, की ताप आणि घसा दिसला की आधी ही गोळी थांबवा, रक्त तपासा. एकाने हाकलून दिलं, दोघांनी ऐकून घेतलं.

आत्याला न्यायला येऊ का? बोलेल ना ती माझ्याशी?

तुझा,
दादा

मुलुंड, ९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

ये. आत्या म्हणते, मेल्याने यावं, पण ती औषधांची बॅग घरी ठेवून यावं.

कुंदा