कैलासवासी संपादकांची सही

मरोळ, अंधेरी (पूर्व)
श्रावणातला मंगळवार, जेवणाची सुट्टी

ती. मालनताईस,

बाळाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पायांवरून आठवलं, सूज कशी आहे? पत्रात विचारायची रीत म्हणून हे विचारलेलं नाही. गेल्या सोमवारी फोनवर तू म्हणालीस, "ढोपरां बरी आसत रे, पण पाय मेले भोपळ्यासारखे सुजलेत," आणि लगेच नारळांवर आलीस. मी अजून पायांपाशीच आहे. सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू बोलतेस आणि मी हूं म्हणतो, ही माझ्या जन्मापासूनची पद्धत आहे. ती आता मोडणार नाही. माधुरी आणि मुलं खुशाल आहेत. मी नाही.

(पत्र जुन्या प्रुफांच्या कोऱ्या बाजूला लिहितो आहे. मागे कुणाच्या तरी अंगठ्याचं दुखणं इंग्रजीत छापलेलं आहे, ते पाहू नकोस. पंचवीस वर्षांत असे सगळे रोग मला वाचता वाचता एकेकदा होऊन गेले.)

मी 'डॉक्टरांच्या पुस्तकाच्या हापिसात' असतो असं तू गावात सांगतेस, ते खरंच आहे. खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात आणि वरच्या गाळ्यात आमची सांधेदुखीवरची त्रैमासिक पत्रिका निघते. देशभरातले डॉक्टर तिच्यात लेख पाठवतात, दुसरे डॉक्टर ते वाचून औषधं लिहून देतात, आणि मधल्या मधे मी स्वल्पविराम तपासतो. गावच्या शाळेत इंग्रजी जेमतेम झालेलं, पुढचं मी सांध्यांकडून शिकलो. दुकानात इंग्रजीतून साबण मागता येत नाही, पण गुडघ्याच्या वाटीखाली काय असतं ते माझ्याकडून चुकत नाही.

आमचे संपादक डॉ. तेलंग तुला आठवतील. माझ्या लग्नात त्यांनी आपल्या भटजींनाही दोन प्रश्न विचारले होते. आलेल्या लेखावरचं नाव झाकून ते तो दोन जाणत्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवायचे आणि मग स्वतः लाल पेन्सिल घेऊन बसायचे. चार वर्षांपूर्वी गुडघेदुखीच्या एका नव्या गोळीवर लेख आला. साठ रोग्यांना गोळी सुरू केली, शेवटी एकोणपन्नास उरले, आणि एकोणपन्नासही चालायला लागले. डॉक्टरांनी समासात लिहिलं, 'हे अकरा जण कुठे गेले?' उत्तर आलं नाही, म्हणून लेख परत गेला. मला म्हणाले, "बाळा, बरे झालेले मोजायला कुणीही येतं. न आलेल्यांना शोधायला आपण बसलोय." मी त्या कागदांची फाईल करून कपाटात ठेवली. मला फाईल फार चांगली करता येते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर डॉक्टर गेले. मूलबाळ नाही, म्हणून घाटकोपरचा पुतण्या नितेश याने सगळं केलं. मुलुंडला दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मुलुंडचे कावळे वडापावच्या तेलकट कागदालासुद्धा नाही म्हणत नाहीत, पण त्या दिवशी सगळे पत्र्यावर बसून तपासनिसासारखे खाली बघत होते. नितेश म्हणाला, तुमची पुस्तकं सांभाळीन. नितेशची बायको म्हणाली, कुंड्यांना पाणी घालीन. काही नाही. तासभर गेला, भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा मी मागून पुढे आलो आणि हात जोडून म्हणालो, "डॉक्टर, अंक वेळेवर निघेल. पत्रिकेवरचं तुमचं नाव मी पुसू देणार नाही." ताई, शब्द संपायच्या आत कावळा खाली! आमचा पिंड तर घेतलाच, शेजारच्या कुटुंबाचाही विस्कटला. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला अभिमान वाटला. पुढचं सगळं त्या अभिमानाचं फळ आहे.

पत्रिका नितेशकडे आली. नवा संपादक कोण, असं मी विचारलं, तर म्हणाला, "काका, तुम्ही शब्द दिलाय ना? मग राहू द्या की नाव." नाव राहिलं. नावाबरोबर सहीही राहिली, कारण ती कॉम्प्युटरमध्ये होतीच. लेख स्वीकारल्याच्या पत्राखाली ती चिकटवायचं काम माझं. हयात असताना डॉक्टर दहातले सात लेख परत पाठवायचे. गेल्यापासून त्यांनी एकही परत पाठवलेला नाही. मेल्यावर स्वभाव इतका निवळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मध्ये त्यांना एका परिषदेचं अध्यक्षपद आलं. प्रकृतीच्या कारणास्तव येऊ शकत नाही, असं मी कळवलं. (हे खोटं नव्हतं, असं मी त्या संध्याकाळी दिवा लावताना देवाला सांगितलं.)

गेल्या वर्षी तो गोळीचा लेख पुन्हा आला. आता साठांचं नावच नव्हतं. एकोणपन्नासांना सुरू केली, एकोणपन्नास बरे झाले. तपासणाऱ्या दोघांची नावं लेखकानेच सुचवली होती आणि दोघांच्या शाबासक्या त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी आल्या. मी जुनी फाईल काढून नितेशपुढे धरली.

"काका, तुम्ही स्वल्पविराम बघा ना. आकडे डॉक्टर बघतात."

"कुठले डॉक्टर?"

त्याने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यार काका, जाऊ दे ना आता."

मी जाऊ दिलं. फोटोला नमस्कार केला आणि सही चिकटवली.

आता माझा मूर्खपणा ऐक. अंक छापून आला, तो मी घरी नेऊन वाचला. गुडघे बरे होतात, असं स्वच्छ छापलेलं आणि पहिल्या पानावर संपादक म्हणून डॉ. तेलंग. मला वाटलं, डॉक्टरांच्या नावाखाली आलंय म्हणजे खरंच असणार. मातीचा गणपती आपणच घरी आणतो, आपणच त्याची प्राणप्रतिष्ठा करतो आणि मग आपणच त्याच्यापुढे नवस बोलतो, तसं माझं झालं. सही मी स्वतः, या बोटाने चिकटवली होती; आणि तिच्याच भरवशावर मे महिन्यात गावी निघालेल्या नंदूबरोबर तुला गोळ्या पाठवल्या. वर चिठ्ठीत लिहिलं, 'आमच्या पत्रिकेत छापून आलंय, निर्धास्त घे.'

तुझा फोन ठेवला आणि ती फाईल पुन्हा काढली. 'हे अकरा जण कुठे गेले?' हे पान मी शंभरदा पाहिलं असेन, पण उलटून कधी पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूला डॉक्टरांनी लिहिलं होतं. त्यांनी स्वतः फोन करून अकरांतले तिघे शोधले होते. तिघांच्याही पायांना सूज, लघवी कमी, मूत्रपिंड बिघडलेलं. गोळी बंद केल्यावर दोघे सावरले. तिसऱ्यापुढे त्यांनी काही लिहिलेलं नाही, फक्त पेन्सिलीचं टोक टेकवल्याचा लाल ठिपका आहे.

पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर चूक-दुरुस्तीचा चौकोन असतो. तो कुणीच वाचत नाही, नितेश तर नाहीच. त्यात मी एक बातमी घातली आहे. संपादक डॉ. तेलंग दोन वर्षांपूर्वी वारले, त्यानंतर त्यांच्या सहीने स्वीकारलेले सर्व लेख पुन्हा तपासावेत, गोळीच्या लेखात अकरा रोगी राहून गेले आहेत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. पहिल्या पानावरचं त्यांचं नावही मी पुसलेलं नाही. त्याआधी 'कैलासवासी' अशा अर्थाचा एक शब्द फक्त घातला आहे. अंक शनिवारी छापायला गेला, वेळेवर. म्हणजे पिंडासमोर दिलेला शब्द दोन्ही बाजूंनी पाळला आहे. कावळ्याला तक्रारीला जागा नाही.

तुझा,
बाळा

ता.क. गोळी बंद कर. पत्र हातात असतानाच बंद कर. गुडघे दुखतील, दुखू देत. उद्या सकाळी दादाच्या आकाशला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जा, रक्त आणि लघवी तपासून घे, आणि हे पत्र डॉक्टरांना दाखव. आकाशला मी फोनही केला आहे, पण त्याला 'सूज बघून ये' एवढंच सांगता आलं. खरं कारण तूच सांग. एवढंच लिहायला बसलो होतो. इथपर्यंत यायला चार पानं लागली.

ता.क. २. अंक शुक्रवारी सगळ्यांच्या हातात पडेल. त्यानंतर मी गणपतीला जरा लवकरच येईन, आणि परतीची घाई नसेल. पडवीतली लाकडं हलवून ठेव.

ता.क. ३. उरलेल्या गोळ्या फेकू नकोस, पाकिटासकट जपून ठेव. आमच्या सल्लागार मंडळावर डॉ. श्रुतिका म्हणून एक बाई आहेत (जिवंत आहेत, मी फोन करून खात्री केली). अकरांचं त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, ते कागदावरचे, आता हाती लागायचे नाहीत. तुमच्या ताईंची हकीकत मी स्वतः लिहिते, दुसऱ्या पत्रिकेत. तुझं नाव छापणार नाहीत, 'बासष्ट वर्षांची एक स्त्री' एवढंच येईल. पण त्यालाही तुझी परवानगी लागते, तसा छापील कागद सोबत आहे. आधी पूर्ण वाच, मागची बाजूसुद्धा. नको वाटलं तर नको म्हण, मी रागावणार नाही. आणि पटलं, तर सही तुझ्या हाताने कर. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. आकाश म्हणेल, आत्ये, मी करतो. त्याला करू देऊ नकोस.