रुसलेल्या राणीची खिडकी

ता. ३ मार्च

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमची लाल बस गेली, आता उघड्या छपराची आलीय आणि तुमची पुतणी वर उभी राहून माइकवर घसा फोडतेय. सगळं सुरळीत चाललं होतं. पण काल पुराणवस्तू खात्याचे साहेब प्रवासी बनून बसले होते. किल्ल्याच्या वळणावर मी तुम्ही शिकवलेली रुसलेल्या राणीची खिडकी दाखवली, पर्यटकांनी नेहमीसारखे हात हलवले आणि साहेबांनी विचारलं, कुठली राणी, कुठलं साल? मी म्हटलं, काकांना विचारून सांगते! आठवड्याभरात पुरावा दिला नाही तर गाइडचा बिल्ला जाईल. काका, तीस वर्षं तुम्हीच हे सांगत आलात. शिलालेख, जुना कागद, काहीतरी पाठवा.

काकूंना नमस्कार.
तुमच्या भरवशावर बसलेली,
बडबडी

ता. ५ मार्च

चि. बडबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुरावा आहे, पण तो आत्ता स्वयंपाकघरात भांडी आपटतोय. त्या खिडकीत राणी कधीच नव्हती. ती तटाला लागून असलेल्या घराची खिडकी, तिथे शिवणयंत्र होतं आणि त्यामागे तुझी काकू, तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. ती दिसावी म्हणून मी इंजिन तापल्याचं सांगून रोज तिथे बस थांबवायचो. पर्यटक कंटाळू नयेत म्हणून राणी जन्माला घातली. काकू बिचारी बादलीभर पाणी आणून द्यायची. इंजिन ठणठणीत होतं हे तिला आजही माहीत नाही. साहेबांना हवी ती थाप मार, पण तिला कळू देऊ नकोस. या वयात घराबाहेर काढील मला.

पत्र फाडावे, माया राखावी.
तुझा काका

ता. ८ मार्च

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

थाप मारायला जमलं नाही. साहेबांना तुमचं पत्रच दाखवलं. हसून हसून त्यांना चष्मा पुसावा लागला. पण माझा बिल्ला स्वतःच्या खिशात घातला आणि म्हणाले, यापुढे खरी गोष्टच सांगायची, आणि रविवारी साक्षीला खिडकीतली बाई आणायची. तेव्हा काकूंना सांगावं लागणार. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो!

रागवा, पण या.
तुमची अपराधी,
बडबडी

ता. ११ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी माझ्याच हाती पडलं. हे फिरायला गेलेत तेवढ्यात लिहितेय. रविवारी मी येते. तुझा बिल्ला कोण अडवतो तेच बघते. फक्त यांना एक सांगू नकोस. पहिल्याच दिवशी पाणी देताना मी बॉनेटखाली डोकावले होते. वाफ नाही, धूर नाही, रेडिएटर काठोकाठ भरलेला. दुसऱ्या दिवशी बस यायच्या आधीच मी बादली भरून दारात उभी होते.

अशीच जीव लावत राहा.
तुझी काकू