घंटा तिकडे, घड्याळ इकडे

बाबा, पलंगाएवढ्या सागवानी फळीवर दोन बंदरं, मधला समुद्र, त्यावर तुमचं मालवाहू जहाज. जपानच्या किनाऱ्यावर घड्याळाचा विटांचा मनोरा, अमेरिकेच्या किनाऱ्यावर चार खांबांच्या छपराखाली पितळी घंटा. हे सगळं मी माझ्या हाताने केलं. कुणी शिकवलं नाही. घंटा लेथवर कातली, वीट न् वीट वेगळी कापली. छापील काहीही चिकटवलेलं नाही. तुम्ही आधी तेच तपासलं असतंत.

मी शाळेत होतो तेव्हाचं अजून दिसतं: तुम्ही बोटीवरून सुट्टीला आला आहात, घाटकोपरच्या याच खोलीत आई माशाचं वाटण काढते आहे, आणि तुम्ही धक्क्यावर ऐकलेली हकिकत सांगता आहात. या दोन बंदरांनी लढाईत एकमेकांची पोरं मारली होती. लढाई संपल्यावर काही वर्षांनी दोन्हीकडच्या नगराध्यक्षांनी सह्या केल्या, आजपासून आपण भगिनी शहरं. जपान्यांनी घंटा पाठवली, ती अमेरिकेत टांगली. अमेरिकनांनी घड्याळ पाठवलं, ते जपानात लागलं. मग एकीकडची शाळकरी पोरं दुसरीकडच्या घरांत राहायला जाऊ लागली. मी विचारलं, घंटेच्या बदल्यात घड्याळ कशाला? वाटण उरकून आई तेव्हा शेजारणीच्या टोपात खोबऱ्याच्या वड्या भरत होती. तुम्ही तिकडे बोट दाखवलंत. "शेजाऱ्याचो टोप रिकामो धाडूचो नसता रे झिला. ह्यां पण तसांच."

मी केलेल्या पहिल्या घंटेला आत लोलक होता. तुम्ही बोट घालून तो उपटलात. "देवळातली न्हय ही. जपानातली भायरसून ओंडक्यान वाजवतत. म्हायत नाय तर विचारूचा." मी रागाने जेवलो नाही. पुढच्या खेपेला तुम्ही जपानहून करवत आणलीत, ढकलताना नाही, ओढताना कापणारी. लाकडाचं सगळं काम तिच्यावरच झालं.

आता चाळ पाडणार आहेत. महिनाअखेरीस खोली रिकामी करायची. मुलुंडला भाड्याची मिळाली आहे, तिथे दोन माणसं आडवी झाली की दार उघडत नाही. ही फळी ठेवून घ्याल का म्हणून शाळांत विचारून झालं, वाचनालयात झालं, जपानी शिकवतात त्या क्लासातही गेलो. सगळे फोटो काढतात, वा म्हणतात, आणि जागा नाही म्हणतात. ही म्हणते, "अहो, माझं कपाट मी भंगारात दिलं ना? मग तुमची अमेरिका काय डोक्यावर ठेवू?" बरोबरच बोलते ती. खाली भंगारवाल्याची हाक आली की मी खिडकी लावून घेतो. काय करू, बाबा? कुणाला विचारू?

परवा अंधेरीहून एकजण आला होता. जपानी हॉटेल काढतोय. फळीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "काका, झकास आहे, पण अमेरिका नको ना. पब्लिकला जपान पाहिजे. अर्धं कापून द्या. आणि ती घंटा इकडे घ्या, घड्याळ काढून टाका."

"घंटा जपान्यांनी दिलेली आहे," मी म्हटलं. "दिलेली वस्तू त्यांच्याच दारात कशी टांगू?"

"अहो काका, जेवायला आलेल्या माणसाला काय कळतंय?"

ही दारात उभी होती.  तिने खुंटीवरची बाजाराची पिशवी काढली.

तो गेला आणि ही बाजारात गेली. मी करवत काढली. समुद्राच्या मधोमध, तुमच्या जहाजाच्या शेजारी ठेवली आणि एकदा ओढली. एकदाच. ती खाच आता निळ्या रंगाने बुजत नाही. लावून पाहिला.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे टाकणार, घंटेच्या छपराखाली घडी करून ठेवतो. ती खाच पाडल्यावर मी त्या हॉटेलवाल्याला फोन करून नाही म्हणालो. रक्कम त्याने जाताना जिन्यात सांगितली होती. हिला अजून सांगितलेली नाही. घड्याळ काढून, घंटा इकडे लावून, अर्ध्या फळीचे एक लाख ऐंशी हजार.