आहे ना कुणीतरी

दि. ९ जानेवारी

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरी मोजे पोचले. मोजे अंमळ सैल आहेत. पन्नाशीतल्या भावाचे पाय अजून वाढतील ही आशा तू सोडलेली दिसत नाहीस.

आमचे सुतारकाका गेले. माझ्या मंडळीतले सगळ्यांत जुने. चर्चमधली बाकं त्यांच्याच हातची. शेवटच्या दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी प्रार्थना सुरू करणार, तोच माझं मनगट धरून विचारलं, की पाळकसाहेब, खरं सांगा, तिकडे आहे ना कुणीतरी? मी म्हणालो, आहे. आवाज जरासुद्धा कापला नाही. त्यांचा चेहरा निवला. बाहेर आल्यावर त्यांच्या मुलीने माझे आभार मानले, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

ताई, तिकडे कुणी आहे असं मला आता वाटत नाही. हे एकदम झालेलं नाही. काही कोसळलं म्हणावं, तर तसंही नाही. आधी प्रार्थनेत मन लागेनासं झालं. मग लक्षात आलं, की मी बोलतोय आणि ऐकणारं कुणी नाही. वाट पाहिली. उपास केले, टेकडीवर एकटा जाऊन बसलो. रविवारी मात्र झगा चढवला की उपदेश घडाघडा येतो. लोक म्हणतात, अलीकडे तुम्ही फार मनापासून बोलता.

हिला अजून सांगितलेलं नाही. आई गेल्यावर मला गुडघे टेकायला तू शिकवलंस, म्हणून आधी तुला. हवं तर रागाव, पण पत्र धाड.

तुझा,
चिमण्या


दि. १७ जानेवारी

चि. चिमण्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रांच्या माथ्यावरून ‘प्रभूच्या नावे’ हे शब्द कधीचेच गळाले होते. म्हटलं, साहेब कामात असतील. आता कळलं.

रागावले. रागातच शिवणयंत्रावर बसले आणि चांगली चादर आडवीतिडवी शिवून ठेवली. रुग्णालयाच्या शिवणखोलीत जन्म गेला, असं कधी झालं नव्हतं. सगळी उसवली. मग रडले. तू देवाला दुरावलास म्हणून, की इतके दिवस हे एकट्यानेच वागवलंस म्हणून, ते नीट सांगता येत नाही.

मला वाद घालता येत नाही. माझ्यापुरता तो आहे. सकाळी खिडकी उघडते तेव्हा असतो. तुझ्यासाठी मी त्याच्याकडे मागणारच, त्याला तुझी परवानगी नको. पण बायकोपासून लपवू नकोस. तिला हे बाहेरून कळलं तर ते फार वाईट.

माझं पोट दुखतं म्हणून डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात. काळजीचं कारण नाही. मोजे धुतले की आटतील.

तुझी,
ताई


दि. २ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

हिला सांगितलं. ती भांडी पुसत होती. हातातलं पातेलं जागेवर ठेवून म्हणाली, की तिला अंदाज होता. पूर्वी मी दाढी करताना गीतं गुणगुणायचो, ते बंद झालेलं तिने टिपलं होतं. विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो आणि मग हे घर सोडावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. हे सांगताना मात्र तिला रडू आवरेना. घर पाळकाचं, आमचं नव्हे. तिने लावलेले गुलाब आता दुसऱ्या कुणाचे होतील.

वरिष्ठांकडे राजीनामा दिला. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, असं अनेकांचं होतं, मुकाट्याने काम करत राहा, विश्वास परत येईल. मी म्हणालो, सुतारकाकांना फसवलं तसं आणखी कुणाला फसवायचं नाही. मंडळीला प्रकृतीचं कारण सांगायचं ठरलंय. म्हणजे जातानाही खोटंच. एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळेलसं दिसतंय.

तपासण्यांचं काय झालं? उडवून लावू नकोस.

तुझा,
चिमण्या


दि. १० फेब्रुवारी

चि. चिमण्यास,
अनेक आशीर्वाद.

उडवून लावण्यासारखं राहिलं नाही. गाठ आहे आणि पसरली आहे. डॉक्टर शस्त्रक्रिया करायला तयार नाहीत.

मला एकच हवंय. तू पाळक झालास त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं होतं, मला मातीला तू द्यायचंस. तुझा पहिला झगा मी शिवला, तो घालून ये. तुझा विश्वास नसेना का. माझा आहे, तेवढा पुरे. मेलेल्या बहिणीची कसली फसवणूक? एवढं माझं ऐक.

तुझी,
ताई


दि. १५ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

येतोय. तुला उचलीन, भरवीन, अंथरूण बदलीन. पण झगा घालणार नाही. सुतारकाकांशी खोटं बोललो ते अजून घशात अडकलंय. तुझ्या बाबतीत तेच केलं तर मला स्वतःला तोंड दाखवता येणार नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी येतोय.

तुझा,
चिमण्या


दि. ११ मार्च

प्रिय सहचरीस,
सप्रेम नमस्कार.

ताई गेल्याचा निरोप तुला मिळालाच असेल. कसं झालं ते सांगण्यासारखं दुसरं कुणी नाही, म्हणून लिहितो.

सुरुवातीला ती खरंच बोलली नाही. मी भरवायचो, ती घास गिळायची आणि भिंतीकडे तोंड वळवायची. मग एका सकाळी म्हणाली, की अक्षर दिसेनासं झालंय, स्तोत्र वाचून दाखव. वाचलं. सुतारकाकांचा प्रश्न आता तीही विचारणार, या धास्तीत मी होतो. तिने तो विचारलाच नाही. मला भीती वाटते का, एवढं विचारलं. मी म्हणालो, फार वाटते. तू गेलीस की मला चिमण्या म्हणणारं कुणी उरणार नाही.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना केली. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. दम लागत होता, मधे थांबत होती. मी डोळे मिटले नाहीत. मला ती दिसायला हवी होती. शेवटच्या ‘आमेन’साठी ती माझ्याकडे बघत थांबली. मला म्हणता आलं नाही. मग तिनेच म्हटलं, आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दुपारी गेली.

अंत्यविधी इथल्या तरुण पाळकाने केला, नीट केला. पाळक झाल्यापासून मी पहिल्यांदाच घरच्यांच्या रांगेत उभा होतो. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. माती लोटून झाल्यावर शिवणखोलीतल्या बायका जवळ आल्या. त्यातली एक म्हणाली, की पाळकसाहेब, दोन शब्द बोला. मी म्हणालो, मी आता पाळक नाही, मी तिचा भाऊ आहे. त्यांनी सरकून मला आपल्यात जागा करून दिली.

खोली आवरून येतो. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझा