सही माझी, हॉल कोचचा

कॉर्बिन फॉर्क, नेब्रास्का
गुरुवार

प्रिय आर्डिसताई,

ऑर्विलचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही ठीक, म्हणजे बायको ठीक आहे. मी मात्र तीन दिवसांत एका जागी पाच मिनिटं बसलेलो नाही. (हे पत्रही निम्मं उभ्यानेच लिहितोय. मघाशी उठून खिडकीतून ट्रक आला का ते पाहून आलो.)

तुला वाटतं, कॉलेजातले सगळे खेळ माझ्या हाताखाली आहेत. कागदावर तसंच आहे. फुटबॉलचे कोच डेल्मर स्टॅगनर माझ्या हाताखालचे. पण भेटीची वेळ मी त्यांच्याकडे मागतो आणि ते मला ती देतात, कधीकधी. गेल्या वर्षी त्यांचा संघ एकही सामना हरला नाही, तेव्हापासून गावचा न्हावीसुद्धा मला अर्ध्यातून उठवून त्यांना खुर्चीत बसवतो.

मंगळवारी सकाळी व्हॉलीबॉलच्या मुलींची कप्तान मारिसोल धावत आली. "सर, आमच्या हॉलमध्ये फुटबॉलवाल्यांची व्यायामाची वजनं उतरवतायत! नेट काढतायत!" मी तावातावाने गेलो. (म्हणजे चालतच, पण भराभर.) ट्रकवाल्याला दरडावलं, "कोणाच्या परवानगीने?" त्याने हॉल फुटबॉलला दिल्याचा कागद पुढे केला. खाली सही माझी. ताई, डेल्मरच्या ऑफिसातून कागदांचा गठ्ठा येतो आणि मी न वाचता सह्या ठोकतो, कारण वाचून फरक पडत नाही असं मला सहा वर्षं वाटत आलंय. मारिसोलने सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मला काय झालं कोण जाणे, मी हॉलच्या मधोमध, सुटाबुटात, फतकल मारून बसलो. मुली शेजारी येऊन बसल्या. ट्रकवाले थांबले. कॉलेजच्या अध्यक्षबाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "डेल्मरना विचारलंत का?" शेवटी डेल्मर स्वतःच आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी मायेने म्हणाले, "साहेब, उठा. फरशी गार आहे."

"नाही उठणार."

"मग मी तक्रार कोणाकडे करू?"

"माझ्याकडेच. लेखी."

मुली फिदीफिदी हसल्या. डेल्मर हसले नाहीत. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ट्रक परत गेला. सोमवारी पुन्हा येणार आहे, आणि त्याच दुपारी विश्वस्तांनी मला बोलावलंय. कशाला, ते सांगत नाहीत.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्विल

ता. क. डेल्मर गव्हर्नरलाही ताटकळत ठेवतात, पण आईपुढे त्यांची मान वर होत नाही. व्हर्डी स्टॅगनर म्हणजे दर रविवारी चर्चमध्ये तुझ्या पुढच्या बाकावर बसते, तीच ना? मुलींचा हॉल जातोय, हे तिच्या कानावर घाल. माझं नाव घेऊ नकोस, मुलींचं घे.

आणखी एक. शनिवारी सामना आहे आणि मी तिथे घसा बसेपर्यंत ओरडणार. डेल्मरचा संघ मैदानात उतरला की मला कशाचाच राग येत नाही, हीच खरी पंचाईत आहे. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी फोन करून "राहू दे गं ताई" म्हणालो, तर माझं मुळीच ऐकू नकोस.