मागच्या काचेवरचं नाव

प्रिय चिंगी,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट दोन दिवस तसंच पडू दिलं असशील, तर त्यात तुझी काही चूक नाही.

आपली जुनी गाडी विकायला काढली आहे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती तळघरातल्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती. तुझा दादा म्हणाला, "अप्पा, शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय. मागच्या काचेवरचं ते चिकट तेवढं काढून टाका." ते चिकट म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. त्या काचेवर आतल्या बाजूने तुम्हा दोघा भावंडांच्या नावांचे स्टिकर लावले होते. तू सासर सोडून परत आलीस आणि मी दाराची साखळी न काढता फटीतूनच तुला परत जायला सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ब्लेड घेऊन तुझं नाव खरवडलं. रागात केलेलं काम, त्यामुळे कागद निघाला आणि गोंद राहिला. वर काच गरम करणाऱ्या दोन तारा कापल्या गेल्या. पुढची नऊ वर्षं थंडीत काचेवर वाफ धरली की बाकीची काच मोकळी व्हायची, तेवढा पट्टा धूसर राहायचा. गोंदावर धूळ बसून अक्षरं उमटायची. गाडीतल्या आरशात तर तुझं नाव सरळच वाचता यायचं. मी आरशात बघायचंच सोडलं.

गुरुवारी तीन वाजता गरम पाण्याचं भांडं, गोडेतेल आणि ऑफिसचं जुनं ओळखपत्र घेऊन खाली गेलो. गाडी उघडीच होती, मागच्या सीटवर बसलो. गरम फडकं गोंदावर दाबून धरायचं, मग तेल चोळून दहा मिनिटं थांबायचं आणि ओळखपत्राच्या कडेने हळूहळू लोटत न्यायचं. या खेपेला ब्लेड घेतलं नाही. तेवढ्यात शेजारची गाडी निघाली, तिला वाट द्यायला मी दार ओढून घेतलं. आणि मग ते आतून उघडेना. दादाच्या मुलासाठी कधीकाळी मागच्या दारांना लावलेलं लहान मुलांचं लॉक कुणी काढलंच नव्हतं. मोबाइल आणि किल्ली वर घरात. पुढच्या सीटवर जायला गुडघा वळेना, हॉर्नपर्यंत हात पोचेना.

आधी मला हसू आलं. मग काच ठोठावली. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई गेल्या, त्यांना वाटलं मी हात करतोय. त्यांनीही हसून हात केला आणि निघून गेल्या. अर्ध्या तासाने माझ्या श्वासाने सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या. घशाला कोरड पडली. भांड्यातलं पाणी तेलकट, ते प्यावंसं वाटेना. कुणीतरी येईल आणि बाहेरून दार उघडेल, एवढीच वाट बघत बसलो होतो. असं बसल्यावर दुसरं काय आठवणार? मी दार लावल्यावर तू दोन वेळा बेल वाजवली होतीस. तिसऱ्यांदा वाजवली नाहीस. मी आत दाराला पाठ लावून उभा होतो, हे तुला माहीत नसेल.

पाच वाजत आले असतील. काच पुसून पाहिलं तर तुझी आई रस्त्याकडून उतारावरून खाली येत होती, हातात शिवायला टाकलेल्या कपड्यांची पिशवी. स्वतःशीच हसत होती. अगदी तोंडभर. तिला तसं हसताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं, चिंगी. मग मी काच वाजवली, तिने मला पाहिलं आणि ते हसू असं गेलं, जसं कुणी दिवा मालवावा.

तिने दार उघडलं. मी बाहेर न येता विचारलं, "कुठे होतीस?" ती म्हणाली, "शिंपीणबाईंकडे." मग तिची नजर मागच्या काचेवर गेली. तुझं नाव अर्धं निघालं होतं. दार धरूनच ती म्हणाली, "चिंगीची मुलगी पोहायला शिकली." मी वय विचारलं. "आठ पूर्ण झाली." म्हणजे तू दारात उभी होतीस तेव्हा एकटी नव्हतीस. हे तू फटीतून सांगणार होतीस का? मी बोलूच दिलं नाही.

तिने सगळं सांगितलं. दर गुरुवारी चार वाजता शिंपीणबाईंच्या फोनवर तू तिच्याशी बोलतेस. तिच्या मोबाइलवर कुणाचे फोन येतात ते मी रोज बघतो, म्हणून ही तऱ्हा. मी दोन तास गाडीत अडकलो तर जीव कासावीस झाला. ती अशी किती दिवस अडकली आहे ते तूच मोज.

तुझा पत्ता मी आज शिंपीणबाईंकडूनच आणला. त्यांनी मला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पत्ता लिहून देताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला. हे पत्र लिहिलंय हे तुझ्या आईला माहीत नाही. तिला मी एवढंच सांगितलंय की येत्या गुरुवारी तिने घरीच थांबावं. का ते तिने विचारलं नाही, घाबरली मात्र आहे. म्हणून लिहितोय. त्या दिवशी चार वाजता शिंपीणबाईंकडे नको, घरच्या फोनवर कर. नंबर तोच आहे. आणि मी उचलला तर ठेवू नकोस. मला बोलायला थोडा वेळ लागेल.

तुझाच, अजून चालत असेल तर,
अप्पा